साडेबाराची अट आणि पहिल्या धारेचं रक्त
रक्तदानावरच्या चर्चेत एका ताईंनी विचारलंय, किमान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन लागतं, माझं १२ भरलं म्हणून शिबिरातून परत पाठवलं, अर्ध्या ग्रॅमने काय अडतं? अडतं ते तुमच्यासाठीच. ३५० मिली रक्तासोबत साधारण दीडेकशे मिलिग्रॅम लोह जातं आणि ते भरून यायला महिने लागतात. म्हणून तर दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर आहे. अट १२.५ची, दोघांनाही सारखीच. वजन किमान ४५ किलो, ४५० मिलीची पिशवी घ्यायची तर ५५च्या वर.

टॅटू काढल्यावर रक्तदानासाठी थांबण्याबद्दलही कुणीतरी "वर्षभर थांबायचं म्हणजे अति होतं" असं लिहिलंय. मला नाही पटत. टॅटूच्या सुईतून संसर्ग झालेला असू शकतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सगळ्यांची तपासणी होते, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीत सुटू शकतो. तिथे रक्तदानाआधी भरायच्या फॉर्मवरचं खरं उत्तर हाच आधार. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून खोटी खूण करण्यापेक्षा सरळ "आज नको" म्हणावं.

आणखी एक, चर्चेत न आलेलं. सुई टोचताना त्वचेचा बारीक कण, त्यासोबत जिवाणू आत येऊ शकतात. म्हणून बऱ्याच पिशव्यांना एक छोटी जोडपिशवी असते. सुरुवातीचं थोडं रक्त तिच्यात वळवतात आणि तेच तपासणीला वापरतात. पहिल्या धारेचं म्हणा हवं तर! कोपराच्या आतली जागा जंतुनाशकाने पुसल्यावर नस शोधायला पुन्हा बोट लावलं, तर मात्र परत पुसायला सांगा, बिनधास्त.