दहा वर्षांचा लॅपटॉप बदलतेय, जुन्या मराठी फाइलींचं काय करू?

प्रश्न: माझा लॅपटॉप २०१५ चा. पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून कुकर लावते, तिसरी शिट्टी झाली तरी पडद्यावर चक्र फिरतच असतं. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, ११ याला चालत नाही. बजेट पन्नास हजार. पण खरा घोर वेगळाच आहे: माझी सगळी भाषांतरं जुन्या सुरेख फॉन्टमध्ये आहेत. नव्यावर उघडतील ना?

उत्तर: एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवण करणारी डिस्क) असलेलाच घ्या, निम्मं दुखणं तिथंच जातं. हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी हजारोंनी. रॅम १६ जीबी. पुढे वाढवता येईल का, ते दुकानात आधीच विचारा.

उत्तर: ताई, तो जुना सुरेख युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक प्रमाणातला, नाही. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. जुन्या मशीनच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्याची टीटीएफ फाइल (म्हणजे खुद्द फॉन्टची फाइल) आधी कॉपी करा. मग कन्व्हर्टरने (जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने) युनिकोड करा, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

प्रश्नकर्ती: आज एक फाइल करून पाहिली. सगळीकडे ‘सूर्य’चा ‘सूय’ झालाय! बरं झालं सांगितलंत. सगळ्या फाइली तपासून होईपर्यंत जुना लॅपटॉप विकत नाही.