केंद्रकाच्या आवरणातील ‘रंध्र’ की ‘छिद्र’?

प्रश्न
पेशीविभाजनानंतर केंद्रकाचे आवरण पुन्हा कसे उभे राहते, यावरील लेखाचे मी भाषांतर करीत आहे. या आवरणात रेणूंच्या ये-जा करण्यासाठी प्रथिनांनी बनलेली दारे असतात, त्यांना इंग्रजीत ‘न्यूक्लिअर पोअर कॉम्प्लेक्स’ म्हणतात. त्यांविषयीचे ‘प्रथिने रंध्रसंकुल बांधतात’ हे माझे वाक्य तपासणाऱ्या बाईंनी ‘प्रथिने जुळून छिद्रसंकुल होते’ असे बदलले. बांधायला गवंडी लागतो, येथे सुमारे ३० प्रकारची प्रथिने आपण होऊन एकमेकांत बसतात, असे त्या म्हणतात. कोणते क्रियापद योग्य?

प्रतिसाद १
ताई, क्रियापदाचे नंतर पाहू, आधी ‘रंध्र’ परत आणा. पर्णरंध्र, नासारंध्र या शब्दांत ये-जा अभिप्रेत आहे. छिद्र मात्र पडते किंवा पाडले जाते. विभाजन संपताना आधी भिंत आणि मग भोक असा क्रमच नसतो. एलिस हे प्रथिन गुणसूत्रांवर बसून इतर प्रथिनांना जागा करून देते आणि आंतर्द्रव्यजालिकेची (पेशीतील पटलांच्या जाळ्याची) पातळ पटले भोवती पसरत असतानाच रंध्रे आकार घेतात.

प्रतिसाद २
हे अर्धेच झाले. दोन विभाजनांच्या मधल्या काळात केंद्रक वाढते, तेव्हा नवी रंध्रे अखंड आवरणातच तयार होतात: आतले पटल बाहेरच्या पटलाकडे फुगत जाते आणि दोन्ही एकजीव होऊन भोक पडते. तेथे ‘छिद्र’ चुकीचे कसे? शिवाय संस्कृतात ‘रंध्र’ म्हणजे वैगुण्य, शत्रूचे मर्मस्थान, असाही अर्थ आहे.

प्रतिसाद ३
दोन्ही तत्सम शब्द कशाला हवेत? आमचे गाव किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. महादरवाजातील लहान दाराला आजोबा ‘दिंडी’ म्हणत. मोठा दरवाजा बंद असला तरी एकेकटा माणूस तेथून जाई. या संकुलातून लहान रेणू आपसूक जातात, पण साधारण ४० किलोडाल्टनहून (किलोडाल्टन हे रेणूंचे वस्तुमान मोजायचे एकक) मोठ्या प्रथिनांना वाहक प्रथिनाची सोबत लागते. पहाऱ्याची ही कल्पना ‘रंध्र’ किंवा ‘छिद्र’ यांत कोठेच नाही.

प्रतिसाद २
वाचकाला आधी वारीच आठवेल. परिभाषेत असा दुहेरी अर्थ चालत नाही.

प्रतिसाद ३
‘पेशी’ म्हणताच कोर्टातली तारीखही आठवते, तरी तो शब्द रुळलाच ना?

प्रश्नकर्ती
‘दिंडी’ मला मनापासून आवडला, परंतु संपादक तो ठेवणार नाहीत. ‘बांधतात’चे मात्र कोणीच सांगितले नाही. चिमणी घरटे बांधते, तिला कोठे गवंडी लागतो?

प्रतिसाद १
चिमणी घरट्याहून वेगळी असते. येथे बांधणारे आणि बांधले जाणारे एकच आहेत.