व्हिएन्नात थोडे दिवस राहताना परकेपणा कसा कमी करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. लेक नोकरीनिमित्त व्हिएन्नात असते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहून आले आणि आता डिसेंबरात पुन्हा जायचं घाटतंय. तिकीट काढण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

शहराबद्दल तक्रार अजिबात नाही. शोनब्रुनचा राजवाडा, जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावरच्या ट्राम, कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातली ब्रॉयगेलची चित्रं, सगळं मनापासून आवडलं. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, तेही १८७३ पासून! माणसं सभ्य आहेत. लिफ्टमध्ये, दुकानात शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, मीही म्हणायची. पण तेवढ्यावरच संपायचं. लेक सकाळी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत मला हाक मारणारं कुणी नाही. रविवार तर फार जड जायचा. दुकानं बंद, जिन्यात चिटपाखरू नाही. लेक घरी असली तरी तिला आठवड्याची झोप काढायची असते, तिच्या मागे मागे किती करणार? तिच्याजवळ यातलं काही बोलले नाही. आईला इथे करमत नाही असं वाटून तिचा जीव खालीवर होईल.

बडोद्यात परकेपण कधी जाणवलंच नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, दोन्हीकडे आम्ही घरचेच. खंडेराव मार्केटात चार दिवस गेले नाही तर भाजीवाली चौकशी करते. व्हिएन्नात असं थोडंफार एकाच जागी वाटलं, ओटाक्रिंग भागातल्या ब्रुनेनमार्क्टमध्ये. रस्त्यावर भरणारा लांबलचक बाजार, तुर्की भाजीवाले पुष्कळ. मी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली, तर विक्रेत्याने ती काढून घेऊन मागची ताजी जुडी हातात ठेवली. आम्हा दोघांत एका शब्दाचीही भाषा नव्हती. पुढे मी त्याच्याकडेच जायला लागले आणि तो लांबूनच मान हलवायचा. त्या दिवसांत मला खूप हलकं वाटायचं.

म्हणून वाटतं, पाहुण्यालाही गावात एखादं नेमाचं काम असावं. बाजाराव्यतिरिक्त असं काय असू शकेल? यू-६ या मेट्रो मार्गावर एका स्थानकाच्या डोक्यावरच शहराचं मुख्य ग्रंथालय आहे, प्रशस्त पायऱ्यांचं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून आमच्याकडे ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्या गावात वाढल्यामुळे माझे पाय आपोआप तिकडे वळतात. अशा ठिकाणी भाषेच्या गप्पांचे गट, विणकाम, असं काही चालतं का, आणि चार दिवसांच्या पाहुणीला त्यात बसू देतात का? शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, मी त्याहून बरीच कमी राहणार, त्यामुळे रीतसर जर्मनचा वर्ग लावण्यात अर्थ नाही. बाजारापुरतं, शेजाऱ्यांपुरतं जर्मन बडोद्यात बसून कसं शिकावं?

कॉफीहाउसात जा, असं कुणी सुचवेल. तिथे एका कपावर कितीही वेळ बसलं तरी उठवत नाहीत, हे खरं. पण भोवतीची टेबलं गप्पांनी भरलेली असताना एकटीने बसलं की मला जास्तच एकटं वाटतं. मराठी मंडळींना भेटायला आवडेलच, त्यांचे पत्ते नक्की सांगा. मात्र लेक ज्या गावात संसार मांडते आहे, त्या गावाशी माझी स्वतःची ओळख व्हावी, ही खरी इच्छा आहे.

शेजारच्या आजी एकट्या राहतात. डिसेंबरात त्यांना घरच्या चकल्या नेऊन दिल्या तर तिकडे आगाऊपणा वाटेल का? की आधी लेकीकरवी विचारावं? मुलांकडे जर्मनभाषी शहरांत राहून आलेल्या आईवडिलांनी जरूर सांगा. आणि तुम्ही रविवार कसा घालवत होता, तेही लिहा. दुपारी चारलाच अंधार पडतो म्हणे तिकडे त्या दिवसांत.