एरहूच्या नव्या तारा बसायला इतके दिवस लागतात का?

नवशिका, सिंगापूर:
नमस्कार. मी दोन वर्षांपासून येथे एरहू, म्हणजे गजाने वाजवायचे दोन तारांचे चिनी वाद्य, शिकत आहे. गेल्या रविवारी वाद्याच्या दोन्ही पोलादी तारा एकदमच बदलल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर आतली तार षड्जात आणि बाहेरची पंचमात, म्हणजे सुमारे २९४ आणि ४४० हर्ट्झला मिळवून मी रात्री वाद्य ठेवतो. सकाळी पाहावे तर बाहेरची तार जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरलेली असते. आज पाचवा दिवस आहे. शिवाय आवाज पत्र्यावर नख ओढल्यासारखा कर्कश येतो. दुकानदाराने तारा हाताने ओढून ताणायला सांगितले, तर माझ्या शिक्षिका म्हणतात की हात लावू नका, फक्त वाजवत राहा. कोणाचे ऐकावे? (ध्वनिपेटीवर ताणलेल्या कातड्यावरचा दाब हलका व्हावा म्हणून रात्री, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या वर, ध्वनिपेटीच्या लाकडी काठावर, तारांखाली पेन्सिल सरकवून ठेवतो, तेवढी काळजी मात्र न चुकता घेतो.)

गजवाला:
मला तुमच्या कंसातल्या वाक्यातच उत्तर दिसते. पेन्सिलीने तार उचलली की ती आणखी ताणली जाते, खुंटीवरचे वेढे तेवढे आवळतात, आणि सकाळी पेन्सिल काढल्यावर ती सैल पडते. जुन्या, बसलेल्या तारांवर याचा फारसा परिणाम जाणवत नाही; नव्या तारांना मात्र तुम्ही रोज रात्री नव्याने ताण देत आहात. आठवडाभर पेन्सिल बाजूला ठेवा आणि वाद्य सुरात मिळवूनच ठेवा.

पोलाद स्वतः फार लांबत नाही. उतरण्याचे मूळ बहुधा खुंटीवरच्या वेढ्यांत, तळाशी अडकवलेल्या फासात किंवा छियानजिन, म्हणजे तारांना दांडीकडे ओढून धरणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यांत असते. तार अर्धा स्वर उतरली याचा अर्थ तिचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटला, आणि एवढी घट वेढे एकमेकांवर चढलेले असतील तर सहज होते. दोन्ही तारा एकाच वेळी काढल्याने अजगराच्या कातड्यावरचा दाबही पूर्ण गेला होता, त्यामुळे तेही पुन्हा दबायला थोडा वेळ घेणारच. पुढच्या वेळी एक तार मिळवून झाल्यावरच दुसरीला हात लावा. घोडीही जागची हलत नाही.

सारंगीकडून आलेला:
दुकानदाराचा सल्ला मला अर्धाच मान्य आहे. बाहेरची तार साधी, बिनगुंडाळीची असेल, तर छियानजिन आणि घोडी यांच्या मध्यावर बोटाने हलकेच दोन-तीनदा उचलून पुन्हा सुरात आणायला हरकत नाही. आतल्या तारेवर मात्र बारीक तारेची गुंडाळी असते. ती ओढताना एकदा जरी विस्कटली, तर तार पुन्हा नीट बोलत नाही. सुराच्या वर ताणून ठेवण्याची युक्तीही मी टाळतो.

कर्कशपणाबद्दल घाई करू नका. कोऱ्या तारेवर राळ बसलेली नसते, त्यामुळे गज तिच्यावरून निसटतो. एरहूचा गज दोन तारांच्या मधूनच जातो. केसांची एक बाजू आतल्या तारेवर घासते आणि दुसरी बाहेरच्या, म्हणून राळ दोन्ही बाजूंना लावली आहे ना, हे पाहा. कोरड्या फडक्याने तारा पुसून रोज अर्धा तास लांब, संथ गज चालवा. या काळात घोडीखालचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बदलू नका, नाहीतर आवाजातला फरक तारेमुळे पडला की नमद्यामुळे, हे कळणारच नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा शौकीन:
तारा हाताने ताणण्याची सवय रेशमी तारांच्या काळातून आली असावी, असा माझा कयास आहे. अंध वादक आबिंग यांचे १९५० साली संगीत-संशोधक यांग यिनलिऊ यांनी केलेले ध्वनिमुद्रण रेशमी तारांवरचे आहे. रेशीम पोलादापेक्षा कितीतरी अधिक लांबते आणि दमट हवेला लगेच दाद देते. त्या तारांना शोभणारा सल्ला पोलादी तारांना लावला की असा घोळ होतो.

नवशिका, सिंगापूर:
सर्वांचे आभार. बाहेरची तार काढून पाहिली, तेव्हा खुंटीवरचा तिसरा वेढा दुसऱ्यावर चढलेला आढळला. वेढे शेजारी शेजारी बसवून तार पुन्हा चढवली. घोडीही खुंट्यांच्या दिशेला किंचित कलली होती, ती तारा थोड्या सैल करून सरळ केली. तीन रात्री पेन्सिल ठेवली नाही. आज सकाळी उतार इतका कमी होता की सूक्ष्म जुळणीच्या छोट्या स्क्रूचा अर्धा फेरा पुरला. आवाज अजून जरा टोचतो, पण तो आतल्या तारेवर कमी आणि बाहेरच्या तारेवर, वरच्या सप्तकात जास्त जाणवतो. नमद्याला अजून हात लावलेला नाही.