मदत हवी आहे: भावाला सायकोसिस झालाय, पण आजार नेमका कोणता?

सांजवेळ:
माझा धाकटा भाऊ विशीतला आहे. परीक्षेच्या आधी त्याची झोप उडाली. रात्रभर येरझाऱ्या, मग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मग घरातल्या सगळ्यांनी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचे असा हट्ट. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा ताण असेल. एका संध्याकाळी मी त्याच्याशी बोलत होते, तर हाताने मला थांबवलं आणि भिंतीला कान लावून उभा राहिला. "दोघं जण माझ्याबद्दल बोलतायत. तुला खरंच ऐकू येत नाही?" रागाने नाही, घाबरून विचारत होता.

लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय ठीक आले. गोळ्या सुरू झाल्यापासून झोप लागतेय, आवाजही कमी झालेत.

आता गोंधळ असा, की पहिल्या डॉक्टरांनी कागदावर "अ‍ॅक्यूट (म्हणजे अचानक सुरू झालेला) सायकोसिस" लिहिलंय. दुसऱ्या म्हणाल्या, "बायपोलर असू शकतं, थोडं थांबून बघू." नातेवाईक तर स्किझोफ्रेनिया म्हणून मोकळे झाले. हे तिन्ही वेगळे आजार आहेत की एकच? तो मित्रांबरोबर गांजा ओढायचा, हेही आता कळलं. आत्याला तरुणपणी असाच काहीसा त्रास होता. मग कारण गांजा, जागरण की आनुवंशिकता? आईने तर "माझंच काहीतरी चुकलं" असं मनाशी घेतलंय, तिला काय सांगू? माहितगारांनी कृपया लिहा, मी सगळं वाचतेय.

निळी डायरी:
सांजवेळताई, मी मनोविकार विभागात परिचारिका आहे. तुमच्या घरासारखा गोंधळ मी खूप घरांमध्ये पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायकोसिस तापासारखा असतो. ताप आहे हे दिसतं, पण तो कशाचा हे शोधावं लागतं. नसलेले आवाज ऐकू येणं, पुरावा दाखवूनही न हलणारा संशय, बोलण्याचा धागा तुटणं, ही झाली अवस्था. तिच्या मागचे आजार बरेच आहेत.

त्यांतला फरक पुष्कळदा काळच ठरवतो. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे लक्षणं महिन्याभराच्या आत पूर्ण गेली तर तो अल्पकालीन सायकोसिस. स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिस दीर्घकाळ चालणारा आजार, म्हणायला खुणा किमान 6 महिने दिसाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या यादीत हीच अट 1 महिन्याची आहे. म्हणजे एकाच मुलाच्या कागदावर दोन चांगले डॉक्टर वेगळी नावं लिहू शकतात. त्यात कुणी चुकलेलं असतंच असं नाही.

दुसरा प्रश्न मनःस्थितीचा. भास फक्त उन्मादाच्या (मन अतोनात चढलेलं असण्याच्या) किंवा खोल नैराश्याच्या काळातच येत असतील तर विचार बायपोलर (ज्यात उन्मादाचे आणि बहुतेकदा नैराश्याचेही काळ येतात) किंवा तीव्र नैराश्याकडे जातो. मनःस्थिती सावरल्यावरही किमान दोन आठवडे भास-भ्रम चालू राहत असतील तर स्किझोअफेक्टिव्ह. आणि एखाद्याचं बाकी सगळं सुरळीत, नोकरी-व्यवहार नीट, पण एकच संशय मनात पक्का रुतलेला, तर तो भ्रमविकार.

म्हणून मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची माहिती तुमच्याकडेच आहे. जागरणाच्या दिवसांत तो थकलेला होता, की न झोपताही उत्साहाने ओसंडत होता? खूप भरभर बोलणं, मोठमोठे बेत, वारेमाप खर्च असं काही होतं का? घरच्यांनी हे तारीखवार लिहून आणलं की डॉक्टरांचं काम खूप सोपं होतं.

कोरा कागद:
शारीरिक कारणांबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी तेच निघालं. वडिलांना अचानक भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. सकाळी बरे, संध्याकाळी आम्हाला ओळखेनात. सगळे म्हणाले वेड लागलं. रक्तात सोडियम खूप कमी झालं होतं, तो डिलिरियम होता, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक होणारा मेंदूचा गोंधळ. सोडियम हळूहळू भरून काढल्यावर मुंग्याही गेल्या.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं अजून लक्षात आहे: वय जास्त असेल, सुरुवात एकदम झाली असेल, दिसण्याचे भास असतील, शुद्ध कमीजास्त होत असेल, तर आधी शरीर तपासा. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, अपस्मार, मेंदूचा संसर्ग, स्टेरॉइड, पार्किन्सनची औषधं, दारू एकदम तोडणं, या सगळ्यांतून सायकोसिस होऊ शकतो. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस नावाचा आजार तर 2007 साली ओळखला गेला. त्यात स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, आणि सुरुवातीला तो कित्येकदा निव्वळ मानसिक आजार वाटतो. तुमच्या भावाला फिट आली, ताप आला किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

निळी डायरी:
अगदी बरोबर. बाळंतिणींचंही जोडते, कारण ते हमखास राहून जातं. दर हजार प्रसूतींमागे एक-दोघींना पहिल्या काही आठवड्यांत सायकोसिस होतो. ती तातडीची बाब आहे, "हार्मोन्समुळे होतंय" म्हणून घरी थांबायचं नाही.

आता आईंबद्दल. आईच्या वागण्यामुळे मूल स्किझोफ्रेनिक होतं, असं विसाव्या शतकाच्या मध्यावर काही तज्ज्ञ खरोखर म्हणायचे. त्याला पुरावा मिळाला नाही आणि ते मागे पडलं. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, हवं तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात दहाच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमीच. म्हणजे कल रक्तातून येतो, पण तेवढ्याने आजार ठरत नाही. आत्याचं नातं आणखी लांबचं.

गांजा मात्र हलक्यात घेऊ नका. "फक्त गांजामुळे झालं, आता सोडलाय ना" असं म्हणून घरचे पाठपुरावा बंद करतात. गांजानंतर सायकोसिस झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे स्किझोफ्रेनियाचं किंवा बायपोलरचं निदान होतं. गांजा थांबायलाच हवा, आणि डॉक्टरांकडे जाणंही चालू राहायला हवं.

सांजवेळ:
तुम्हा दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, ती रडली, पण मग स्वतःहून तारखा आठवायला बसली. एक विचारायचं होतं. भाऊ म्हणतोय गोळ्या नको, मान एका बाजूला आखडते, डोळे वर ओढल्यासारखे होतात. बंद करू का?

निळी डायरी:
स्वतःहून बंद करू नका, पण उद्यावरही ढकलू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करा. हा औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम वाटतो. त्यावर उतारा असतो, डोस किंवा गोळीही बदलता येते. श्वासाला किंवा गिळायला त्रास झाला, अंग ताठरून जोराचा ताप आला, तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा.