गच्चीवरचे सांगाडे (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सुलभाताई बी-४०२: गच्चीवर कालपासून लोखंडी सांगाडे आणून टाकलेत. ऐन एप्रिलात! माझ्या कुरडया कुठे वाळत घालू? कुणाला विचारलं होतं?

देशमुख सेक्रेटरी: ताई, सभेत ठराव झालाय. तुम्ही चहापर्यंत थांबला नव्हतात. लिफ्ट आणि पंपाचं बिल अजून येतंच, म्हणून आधीच्या १० किलोवॅट सोलरवर आणखी ५.

घाटेकाका ए-५०१: मागच्या वेळी ड्रिल मारून बोल्ट ठोकले, तेव्हापासून माझ्या बेडरूमला ओल आहे. त्याचं काय?

रोहन सी-२०३: वेंडर म्हणतो आठवड्यात चालू. सबसिडी पण ७८ हजार 👍

शुभांगी ए-१०३: रोहन, ७८ हजार एका घराच्या मीटरला, ३ किलोवॅट आणि त्यापुढे. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार, तेही पॅनल आणि त्यातले सेल भारतीय बनावटीचे असतील तरच.

शुभांगी ए-१०३: आणि कॉमन मीटरचा मंजूर भार, म्हणजे किती किलोवॅटपर्यंत वीज घेता येते ते, कुणी पाहिला का? बिलावर छापलेला असतो. १० आहे. नेट मीटरिंगला, म्हणजे उरलेली सोलर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करायला, त्याच्यावर जाता येत नाही. आधी भारवाढ, मग सोलरचा अर्ज.

देशमुख सेक्रेटरी: मागच्या वेळी एवढं काही लागलं नव्हतं.

शुभांगी ए-१०३: कारण १० पर्यंत तांत्रिक व्यवहार्यता न तपासता अर्ज मंजूर धरतात. १५ म्हटलं की वीज कंपनी रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) जागा आहे का ते बघणार. इन्व्हर्टरही १० चाच आहे.

घाटेकाका ए-५०१: ओलीचं काय?

नाना बी-१०१: शुभ सकाळ 🙏 सूर्य कधी सुट्टी घेत नाही.

रोहन सी-२०३: नाना, आपला घेतो. नवी जागा टाकीच्या पश्चिमेला आहे, सकाळी तिथे टाकीची सावली. आणि पॅनलवर कबुतरांची शिट महिनाभर तशीच. धुणार कोण?

कुलकर्णी सी-३०१: ज्यांच्या गाड्या रोज कॉमन नळावर धुतल्या जातात त्यांनी.

रोहन सी-२०३: नाव घेऊन बोला ना काका.

कुलकर्णी सी-३०१: पांढरी गाडी म्हटलं तरी कळतं.

देशमुख सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथे नको, प्लीज. शुभांगीताई, एवढं माहीत होतं तर सभेतच बोलायचंत.

शुभांगी ए-१०३: बोलले होते. तुम्ही "वेंडर बघेल" म्हणालात. इतिवृत्तात शोधा, असलं तर.

घाटेकाका ए-५०१: (फोटो) आज सकाळचा. पोपडा गादीवर पडलाय. ओलीचं काय?

देशमुख सेक्रेटरी: काका, बघतो. शुभांगीताई, भारवाढीचा अर्ज उद्या टाकतो. तोवर ड्रिल नाही. नवे सांगाडे काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवायला सांगतो, स्लॅबला भोक नको.

घाटेकाका ए-५०१: जुन्या भोकांचं?

देशमुख सेक्रेटरी: वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो. खर्च मेंटेनन्समधून.

कुलकर्णी सी-३०१: म्हणजे आमच्याच खिशातून.

सुलभाताई बी-४०२: ते सांगाडे सध्या कडेला तरी सारा. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? चीक शिजून साच्यात भरलाय.