धिंगरी अळंबीने साखर उतरते का?

सुनंदा (चिपळूण): आईला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, वाळवलेल्या धिंगरीची पूड ताकातून दे, गोळ्या सुटतील. खरंच काही असतं का त्यात?

मेधा, आहारतज्ज्ञ: सुनंदाताई, असतं, पण गोळ्या सुटण्याइतकं नाही. धिंगरीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो. तो आतड्यात घट्ट होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. ढाक्यात मधुमेही रुग्णांना धिंगरी खायला देऊन केलेला अभ्यास 2007 मध्ये छापून आला. साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरले, पण प्रत्येक टप्पा जेमतेम 7 दिवसांचा होता. मायटाके या दुसऱ्या एका अळंबीवरचं बरंचसं काम उंदरांवरचं आहे.

मला काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यात पुडीची भर पडली आणि आईंचं जेवण लांबलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, भोवळ. पूड नकोच. भाजी करा, भाताच्या जागी वाढा. 100 ग्रॅम धिंगरीत कर्बोदकं 6 ग्रॅमच्या आसपास, शिजलेल्या भातात 28.

दत्ता (महाबळेश्वर): आम्ही धिंगरी पिकवतो. ताजी घ्या, नीट शिजवा. पावसातली रानातली ओळखीशिवाय अजिबात नको, विषारी निघते.

सुनंदा: मेधाताई, आईचं मूत्रपिंडही थोडं कमजोर आहे. तरी भाजी चालेल?

मेधा: मग आधी पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. अळंबीत ते बरंच असतं.